होरपळून की गुदमरून? धुराच्या इजेचा इतिहास

१/
१८ मे २०२५, रविवारची पहाट. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील सेंट्रल टेक्स्टाइल मिल या टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकांचे कुटुंब आवारातच राहत होते. त्या आगीत आठ जण दगावले. त्यांत मालक होते, कामगार होते आणि दीड वर्षाचे एक मूलही होते. अशा प्रत्येक आगीनंतर मराठी वृत्तपत्रांत दोन शब्द आलटून पालटून येतात: ‘होरपळून’ आणि ‘गुदमरून’. आपण ते एकाच अर्थाने वाचतो. या दोन शब्दांमधील अंतर वैद्यकाने कसे ओळखले, आणि ते ओळखायला त्याला इतका काळ का लागला, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
सोलापूरपासूनच आरंभ करण्याचे कारण आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. गावाने तिला पुढे ‘जुनी गिरणी’ म्हटले. पूर्व भागातल्या घरांत माग आणि संसार एकाच छपराखाली नांदले. आज शहराभोवती अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता आणि पुणे महामार्गालगतची चिंचोळी अशा औद्योगिक वसाहती आहेत. चिंचोळीत कापडाबरोबर रसायने आणि औषधे यांचेही कारखाने आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यात सुती धाग्याचा धूर वेगळा, कृत्रिम धाग्याचा वेगळा आणि द्रावकांच्या पिंपांचा आणखी वेगळा. रुग्णालयाच्या दारात मात्र तिन्ही ठिकाणचे रुग्ण सारखेच दिसतात, काजळीने काळवंडलेले.

३/
आधी आकडे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार तीन बालके भाजल्याने आणि सात धुरामुळे दगावली.

४/
२९ डिसेंबर २०१७ च्या पहिल्या प्रहरी मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. त्यांतील अनेक जण प्रसाधनगृहात आसऱ्याला गेले होते. ज्वाळा तेथवर पोहोचण्याआधी धूर पोहोचला आणि शवविच्छेदनात मृत्यूचे मुख्य कारण गुदमरणे हेच निघाले. दिल्लीचे उपहार चित्रपटगृह (१३ जून १९९७, ५९ मृत्यू) आणि कोलकात्याचे आमरी रुग्णालय (९ डिसेंबर २०११) यांची कथाही तीच. आग खाली होती, माणसे वर होती. धूर जिन्यांतून आणि वातानुकूलनाच्या नळांतून चढत गेला.

५/
म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करू. बंदिस्त जागेतील आगीत माणसाला मारणारा पहिला शत्रू बहुधा ज्वाळा नसते. हे विधान आज सामान्य वाटते. पण ते सिद्ध करायला खाणी, रुग्णालये, नाट्यगृहे आणि नृत्यगृहे जळावी लागली.

६/
अर्थात धुराने माणूस आजारी पडतो हे ज्ञान प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्मविधीचा, म्हणजे डाग देण्याच्या शस्त्रक्रियेचा. तेथेच भाजण्याचे चार प्रकार येतात: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. पण ग्रंथकार तेथे थांबत नाही. तो ‘धूमोपहत’, म्हणजे धुराने ग्रासलेल्या रुग्णाचे स्वतंत्र वर्णन करतो. हा रुग्ण जोरजोराने श्वास घेतो, शिंकतो, खोकतो. त्याचे डोळे जळजळतात, लाल होतात. उच्छ्वासाला धुराचा वास येतो. त्याला दुसरा कोणताही गंध कळत नाही, चव कळत नाही, ऐकू कमी येते. तहान, दाह, ज्वर आणि अखेर मूर्च्छा.

७/
येथे थोडे थांबावे असे आहे. त्वचा भाजलेला रुग्ण वेगळा आणि धुराने ग्रासलेला वेगळा, दोघांची लक्षणे वेगळी आणि उपचारही वेगळे, ही विभागणी या ग्रंथात स्पष्ट आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली संहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. ती आवृत्ती मिळाली तर हा भाग मुळातून जरूर पाहा. वर्णन निरीक्षणातून आलेले आहे हे वाचताच जाणवते.

८/
उपचारांचे काय? तूप आणि उसाचा रस, किंवा द्राक्षरस, दूध, साखरेचे पाणी पाजून ओकारी करवावी. मग गुळण्या आणि शेवटी नस्य. धूर कोठ्यात साचला आहे, तो बाहेर काढला पाहिजे, असा त्यामागचा तर्क. तर्क सुसंगत आहे, पण अर्धवट शुद्धीतील रुग्णाला आज ओकारी करवली तर उलटी फुप्फुसात जाऊन तो दगावेल. ‘आपल्याकडे सर्व आधीच ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘आपल्याकडे काहीच नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकदा एकत्र बसून वाचावा. निदान उत्तम, उपचार कालबाह्य: इतिहासात असे वारंवार आढळते.

९/
सुश्रुताला जे दिसणे शक्य नव्हते ते म्हणजे रक्तात काय घडते. त्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार याने १८५० च्या दशकात दाखवून दिले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूला हुसकावून त्याची जागा घेतो. हिमोग्लोबिनची या वायूशी असलेली ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, रक्त लालच असते. पण ते रक्त पेशींना काहीच देत नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर किंवा थंडीत खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी माणसाला झोपेत नेते ती अशीच. या वायूला ना रंग, ना वास.

१०/
यानंतर येतात जॉन स्कॉट हॉल्डेन. (त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले.) थोरल्या हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून प्रयोग केले. रक्त वायूने किती भरले की मान डोलू लागते, पाय कधी लटपटतात, विचार कधी सुटतात, याची नोंद ते स्वतःच ठेवत होते. त्याच काळात त्यांनी एक उंदीर दुप्पट दाबाच्या प्राणवायूत ठेवून त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला. उंदीर जगला. हिमोग्लोबिन निकामी झाले तरी दाबाखाली रक्तरसात विरघळलेला प्राणवायू त्याला पुरला.

११/
१८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउन येथे कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ जण मेले. खाणीतील स्फोटाचे मृत्यू म्हणजे आघाताचे आणि भाजण्याचे मृत्यू, अशी समजूत तेव्हा सर्वमान्य होती. हॉल्डेन खाणीत उतरले, प्रेते तपासली, रक्त तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की बहुसंख्य कामगारांना स्फोटाने मारले नव्हते. स्फोटानंतर बोगद्यांत भरलेल्या विषारी वायूने मारले होते. म्हणजे स्फोटानंतर काही काळ ते जिवंत होते. सुटकेचे पथक कशासह आणि किती लवकर उतरते यावर त्यांचे प्राण अवलंबून होते.

१२/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा अहवाल फार महत्त्वाचा वाटतो. मृत्यूचे कारण बदलले की जबाबदारीची जागाही बदलते. ‘स्फोटाने मेले’ म्हटले की प्रश्न संपतो. ‘स्फोटानंतर वायूने मेले’ म्हटले की वायुवीजन, बाहेर पडण्याची दुसरी वाट, सुटकेची साधने असे प्रश्न उभे राहतात. खाणीत सोबत छोटा प्राणी नेण्याची सूचना हॉल्डेन यांचीच. त्यातून कॅनरी पक्ष्याची प्रथा रुजली आणि ब्रिटिश खाणींत ती १९८६ पर्यंत टिकली.

१३/
पण केवळ कार्बन मोनॉक्साइडने सर्व कोडी सुटत नव्हती. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या क्ष-किरण फिल्म पेटल्या. त्या काळच्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या असत. त्यांतून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पिवळट तपकिरी लोट निघाले. १२३ जण मृत्युमुखी पडले. संस्थापकांपैकी एक, डॉ. जॉन फिलिप्स, इमारतीतून बाहेर पडले होते. त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला. स्वतःच्या पायांनी बाहेर आलेली माणसे काही तासांनी, काही दिवसांनी गुदमरू लागली.

१४/
याचे कारण साधे आहे. अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड यांसारखे पाण्यात चटकन विरघळणारे वायू नाक, डोळे आणि घसा लगेच जाळतात. माणूस पळतो, आणि म्हणून अनेकदा वाचतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे कमी विरघळणारे वायू वरच्या ओल्या अस्तराला फारसा त्रास न देता थेट वायुकोशांपर्यंत उतरतात आणि तेथे सावकाश काम करतात. एक-दोन दिवसांनी फुप्फुसे पाण्याने भरतात. चिंचोळीसारख्या वसाहतीत ‘काय जळत होते?’ हा प्रश्न म्हणून औपचारिकतेचा नसतो. रुग्णाला घरी सोडायचे की निरीक्षणाखाली ठेवायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

१५/
आता या इतिहासातील सर्वांत निर्णायक रात्र. २८ नोव्हेंबर १९४२, शनिवार, बॉस्टन. कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नृत्यगृहाला आग लागली. ४९२ मृत्यू. महायुद्ध चालू होते. शहरातील रुग्णालयांनी बाँबहल्ल्याची तयारी करून ठेवली होती, ती या आगीत कामी आली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात थोड्याच वेळात ११४ जणांना आणले गेले. त्यांपैकी ७५ आणतानाच मृत होते किंवा काही मिनिटांत दगावले. उरले ३९.

१६/
त्या ३९ रुग्णांवर जेवढे लिहिले गेले तेवढे आगीच्या क्वचितच कोणत्या रुग्णांवर लिहिले गेले असेल. ऑलिव्हर कोप यांनी भाजलेल्या त्वचेवरील उपचार बदलले. टॅनिक आम्लाने कातडी कमावल्यासारखी कडक करण्याची तेव्हाची पद्धत त्यांनी सोडली आणि मऊ मलमपट्टी वापरली. नवे, दुर्मीळ पेनिसिलिन बंदोबस्तात मागवले गेले. मनोविकारतज्ज्ञ एरिख लिंडेमान यांनी मागे राहिलेल्यांच्या शोकाचा अभ्यास केला. आपल्या विषयाशी थेट नाते मात्र ऑब, पिटमन आणि ब्रूस या तिघांच्या लेखाचे. त्यांनी १९४३ मध्ये या रुग्णांच्या फुप्फुसांच्या गुंतागुंतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

१७/
त्यांनी काय पाहिले? ज्यांची त्वचा फारशी भाजली नव्हती असे रुग्णही श्वसनाच्या त्रासाने खालावत होते. पहिले काही तास बरे जात. मग आवाज घोगरा होई, घशाला सूज येई, श्वासाबरोबर शीळ वाजू लागे. श्वासनलिकांचे अस्तर सोलून निघे, त्याचे बोळे नळ्यांत अडकत आणि फुप्फुसाचे भाग मिटून जात. त्या ३९ पैकी सात जण पुढे दगावले. त्यामागे प्रामुख्याने श्वसनमार्गाची इजा होती. भाजलेल्या रुग्णाची गंभीरता त्वचेच्या टक्केवारीने मोजण्याची सवय वैद्यकाला होती. ही टक्केवारी अपुरी आहे हे येथे उघड झाले.

१८/
दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, हार्वर्डच्या अॅलन मोरिट्झ आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक गैरसमज दूर केला. ‘गरम हवेने फुप्फुसे भाजतात’ असे मानले जाई. प्रत्यक्षात कोरड्या गरम हवेची उष्णता घसा आणि स्वरयंत्राच्या टप्प्यातच शोषली जाते. खाली पोहोचते ती फार थोडी. अपवाद वाफेचा. वाफ आपल्याबरोबर प्रचंड उष्णता वाहून नेते आणि ती खोलवर जाते. बॉयलरवर काम करणाऱ्यांसाठी हा अपवाद नियमाहून महत्त्वाचा.

१९/
येथून आजचे चित्र तयार झाले. धुराची इजा ही तीन इजांची मोळी आहे. स्वरयंत्राच्या वर उष्णतेची इजा, जी सुजेने वाट बंद करते. स्वरयंत्राच्या खाली रसायनांची इजा, जी अस्तर सोलते. आणि रक्तातून सर्व शरीरात पसरणारे विष. रुग्णात या तिन्ही असतील, किंवा एकच असेल. उपचार करणाऱ्याला त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, कारण प्रत्येकीचे घड्याळ वेगळे चालते: विषाचे मिनिटांत, सुजेचे तासांत, सोललेल्या अस्तराचे दिवसांत.

२०/
सुजेचे घड्याळ विशेष फसवे. भाजल्यानंतर पहिल्या दिवसभरात, साधारण बारा ते छत्तीस तासांच्या दरम्यान, घशाची सूज कमाल होते. रुग्ण आला तेव्हा बोलत होता, पाणी मागत होता. रात्री श्वास बंद. तोवर सुजलेल्या घशात श्वासनळी घालणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून जुने जाणते डॉक्टर काही चिन्हांवर डोळा ठेवतात: बंदिस्त जागेतील आग, चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा, नाकातील जळालेले केस, तोंडात आणि बेडक्यात काजळी, घोगरा आवाज, श्वासाची शीळ, भ्रमिष्टपणा. घोगरा आवाज आणि शीळ असेल तर वाट पाहू नये, नळी आधीच घालावी, असा आजचा संकेत. उलट, चेहऱ्यावर केवळ काजळी दिसली म्हणून प्रत्येकाला नळी घालणे हेही आता चूक मानले जाते. छातीचा क्ष-किरण पहिल्या दिवशी बहुधा स्वच्छ येतो. त्यावर विसंबून कोणालाही घरी पाठवता येत नाही.

२१/
मग आत पाहायचे कसे? गुस्ताव किलियान यांनी १८९७ मध्ये ताठ नळीने श्वासमार्ग पाहिला होता, पण सुजलेल्या, भाजलेल्या घशात ती नळी घालणे धोक्याचे. १९६० च्या दशकात जपानचे शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण घडवली. पुढच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या सॅन अँटोनियो येथील दग्धोपचार संस्थेत आणि अन्यत्र ती धुराच्या रुग्णांसाठी वापरात आली. लालसर सुजलेले अस्तर, चिकटलेली काजळी, पांढरे पडलेले भाग आता डोळ्यांनी दिसू लागले. आजही निदानाचा पाया हीच दुर्बीण आहे. शिवाय तिच्यातून बोळे काढून टाकता येतात, त्यामुळे तपासणी आणि उपचार एकाच वेळी होतात.

२२/
त्याच संस्थेतील शिरानी, प्रुइट आणि मेसन यांनी १९८७ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. वय आणि भाजल्याची टक्केवारी यांवरून जेवढे मृत्यू अपेक्षित, त्याहून श्वसनमार्गाच्या इजेने मृत्यूचा संभव कमाल २० टक्क्यांनी वाढतो, न्यूमोनियाने ४० टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र आले तर ६० टक्क्यांनी.

२३/
आता एक उपकरण, जे करोनानंतर आपल्या घराघरांत पोहोचले: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने त्यामागचे तत्त्व शोधले. आगीतून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हे यंत्र फसवते. ते रक्ताचा रंग पाहते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते. म्हणून आकडा ९८ दिसतो आणि मेंदू गुदमरत असतो. खरे उत्तर रक्ताचा नमुना घेऊन को-ऑक्सिमीटर असलेल्या रक्तवायू तपासणी यंत्रात मिळते. पाठ्यपुस्तकांत भेटणारा ‘चेरीसारखा लाल’ रंग जिवंत रुग्णात फार क्वचित दिसतो; ते चिन्ह बव्हंशी शवागारातले आहे.

२४/
यावरील उपचार अतिशय साधा: शंभर टक्के प्राणवायू, आणि तोही संशय येताच, अहवालाची वाट न पाहता. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. हॉल्डेन यांच्या उंदराचे तत्त्व वापरणाऱ्या दाबकक्षात वीस-पंचवीस मिनिटे. पण दाबकक्ष मोजक्या शहरांत आहेत, आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला त्यात बंद करून ठेवणे स्वतःच जोखमीचे. त्याचा लाभ किती, यावर तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही.

२५/
दुसरे विष सायनाइड. ज्या पदार्थात नत्र आहे तो जळताना हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकते: लोकर, रेशीम, नायलॉन, अॅक्रिलिक, गाद्यांतील पॉलियुरेथेन फोम. सुती चादर जळताना मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड देते. पॉलिएस्टरमध्येही नत्र नसते. सोलापूरच्या मागावर कोणता धागा चढला आहे, यावर तेथील आगीचा धूर काय असेल हे काही अंशी ठरते. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात आपण धाग्यातील बदलाकडे बाजारभावाच्या अंगाने पाहतो. वैद्यकाच्या अंगाने पाहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

२६/
सायनाइडचा वाद भारताला नवा नाही. भोपाळची दुर्घटना आगीची नव्हे, वायुगळतीची. पण २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. हिरेश चंद्र यांना प्रेतांचे रक्त असाधारण लाल आढळले. सायनाइडवरील उतारा असलेले सोडियम थायोसल्फेट रुग्णांना द्यावे असे त्यांचे मत झाले. द्यावे की न द्यावे, यावरून डॉक्टर, प्रशासन आणि कंपनी यांच्यात तीव्र संघर्ष झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी चाचणी घेतली आणि औषधाच्या बाजूने कौल दिला. मधले आठवडे मात्र निघून गेले होते. रक्ताच्या रंगावरून झालेला हा वाद वैद्यकाचा होता, तितकाच नुकसानभरपाईचाही होता.

२७/
सायनाइड मोजणारी चाचणी तातडीने कोठेच मिळत नाही. मग उपचार कोणाला द्यायचा? १९९१ मध्ये फ्रेडरिक बो आणि सहकाऱ्यांनी पॅरिसमधील आगींच्या १०९ बळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ४३ मृत होते आणि ६६ वाचलेले. त्यांना आढळले की मोठ्या प्रमाणात न भाजलेल्या रुग्णाच्या रक्तातील लॅक्टेट प्रतिलिटर १० मिलिमोल किंवा त्याहून अधिक असेल, तर सायनाइडची विषबाधा असण्याची दाट शक्यता आहे. लॅक्टेट हे रक्तवायू तपासणीच्या अनेक यंत्रांत काही मिनिटांत कळते. सायनाइड मोजता न येणाऱ्या रुग्णालयालाही त्याचा सुगावा लागावा अशी ही सोय झाली.

२८/
उताऱ्यातही फरक आहे. जुन्या संचातील नायट्राइट हिमोग्लोबिनचा काही भाग मुद्दाम बदलून सायनाइडला बांधत असे. ज्याचे निम्मे हिमोग्लोबिन आधीच कार्बन मोनॉक्साइडने अडवले आहे त्याला हा उतारा घातक ठरू शकतो. म्हणून आगीतील रुग्णासाठी हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१२ चेच एक रूप, श्रेयस्कर मानले गेले. प्रौढाला पाच ग्रॅम शिरेतून. फ्रान्समध्ये याला १९९६ मध्ये आणि अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. ते दिल्यावर त्वचा आणि लघवी लाल होते. नातेवाइकांना आधी सांगून ठेवले नाही तर गोंधळ उडतो.

२९/
बाकीचे उपचार कष्टाचे आहेत, चमत्काराचे नाहीत. डोके उंच ठेवणे, नलिका सैल करणारी औषधे वाफेतून देणे, छाती थोपटून बेडका सुटा करणे, दुर्बिणीने बोळे काढणे, कृत्रिम श्वसन यंत्राचे दाब बेताचे ठेवणे. श्वसनमार्गही भाजला असेल तर शिरेतून द्यायचा द्राव केवळ त्वचेच्या टक्केवारीच्या हिशेबाने पुरत नाही, अधिक लागतो. नलिकांतील बोळे विरघळावेत म्हणून वाफेतून हेपारिन देण्याची पद्धत टेक्सासमधील मुलांच्या दग्धोपचार रुग्णालयातून १९९८ पासून पसरली. तिच्याविषयीचा पुरावा संमिश्र आहे. स्टेरॉइड सरसकट देऊ नयेत, हे मात्र १९७० आणि १९८० च्या दशकांतील अभ्यासांनंतर बरेचसे ठरले. सूज उतरेल या आशेने ती दिली जात; लाभ दिसला नाही, जंतुसंसर्गाचे भय वाढले. प्रतिजैविकेही संसर्ग दिसल्यावरच.

३०/
शेवटी पुन्हा त्या दोन शब्दांकडे, पण कागदपत्रांच्या अंगाने. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात आगीचे मृत्यू कारणांनुसार मांडलेले असतात: विजेचे शॉर्टसर्किट, गॅस सिलिंडरचा स्फोट इत्यादी. ते आगीच्या कारणांचे वर्गीकरण आहे. ज्वाळेने किती आणि धुराने किती, हा रकाना त्यात नाही. हा प्रश्न उद्या कोणी संशोधक विचारील तेव्हा त्याला एकेक शवविच्छेदन अहवाल शोधत बसावे लागेल.

३१/
त्या कागदांतही एक अडचण आहे. कारखान्यातील आगीतून काढलेल्या कामगाराला रुग्णवाहिकेत प्राणवायू लावला, हे योग्यच. पण चिंचोळीहून शहरातील रुग्णालय गाठून, दाखल होऊन, रक्त काढेपर्यंत दीड-दोन तास गेले, तर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आलेले असते. अहवालात आकडा किरकोळ दिसतो आणि केसपेपरवर धुराचा उल्लेख राहत नाही. ज्या दग्धोपचार केंद्रांत काटेकोर नोंदी ठेवतात, तेथे रक्ताच्या नमुन्याशेजारी तीन वेळा लिहिल्या जातात: रुग्ण आगीतून बाहेर आला ती, प्राणवायू सुरू झाला ती आणि रक्त काढले ती. या तीन वेळा असतील तर मूळ विषाचे प्रमाण मागे मोजत नेऊन अजमावता येते, दोन तासांनीही आणि वीस वर्षांनी अभिलेखागारातही.